टॉवर, पाट आणि पाळी : बिनतारी संदेशातले वेळेचे गणित

भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यात धान्यवाटपाच्या दिवशी रेशन दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक दृश्य बहुधा पाहायला मिळते. दुकानदाराने ई-पॉस मशीन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेले असते, रांगेतली म्हातारी पदराने अंगठा पुसून काचेवर ठेवते, पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि मागून कुणीतरी विचारते, "काकाजी, चारी काड्या भरल्या आहेत, मंग अंगठा काहून नाही घेत?" काकाजींचे उत्तर ठरलेले असते, "रेंज नाही."

विचारणाऱ्याचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला मिळालेले उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. काड्या भरल्या आहेत याचा अर्थ टॉवरचा आवाज मशीनपर्यंत चांगला पोहोचतो आहे. मशीनला बोलण्याची पाळी वेळेवर मिळालेली नसते, किंवा पाळी मिळूनही त्याचा आवाज टॉवरला नीट ऐकू गेलेला नसतो. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात जे मोठे शोध लागले, त्यांतले बरेचसे लहरींची ताकद वाढवण्याचे नसून वेळ सांभाळण्याचे आहेत, असे या विषयाचा अभ्यास करताना माझे मत बनत गेले. कोणी केव्हा बोलायचे, ऐकणाऱ्याने कान केव्हा उघडायचा, एक अक्षर कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, या प्रश्नांवर संशोधकांनी आयुष्ये घालवली आहेत.

पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजायला बाहेरची उदाहरणे लागू नयेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने मोठ्या कौशल्याने बांधले. तलावाच्या बांधात पाणी सोडण्याचे तुडुम असते, तिथून पाट निघतो आणि गावाने नेमलेला पाणकर प्रत्येकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाळीने पाणी देतो. आता तुडुमाला लागून असलेल्या बांधीत पाणी लगेच पोहोचते, पण पाटाच्या टोकाला असलेल्या बांधीत ते पोहोचायला तास-दीड तास लागतो. त्यामुळे टोकाच्या शेतकऱ्याची पाळी पहाटे सहाला सुरू व्हायची असेल, तर त्याच्यासाठी तुडुम साडेचारलाच उघडावे लागते. तुडुम बंद केल्यावरही पाटात चढलेले पाणी काही वेळ वाहतच राहते, म्हणून एकाची पाळी संपणे आणि दुसऱ्याची सुरू होणे यांत थोडी फट ठेवावी लागते, नाहीतर एकाचे पाणी दुसऱ्याच्या बांधीत जाते आणि भांडण उभे राहते. पाळी, आधी सोडणे आणि मधली फट या तीन गोष्टी ज्याला कळल्या, त्याला मोबाइलच्या टॉवरचे अर्धे काम कळले.

फरक आहे तो वेगाचा. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रोसेकंद म्हणतात, आणि तेवढ्या वेळात लहर ३०० मीटर जाते. तीनशे मीटर म्हणजे गावाच्या पारापासून शाळेपर्यंतचे अंतर. माणसाच्या हिशेबात हा वेळ शून्यच, पण यंत्राच्या हिशेबात तो मोठा असतो.

साध्या बटणाच्या फोनवर आजही जी टू-जी सेवा चालते, ती जीएसएम या पद्धतीची आहे. युरोपात आखलेली ही पद्धत १९९१ मध्ये व्यापारी सेवेत आली. तिच्यात एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची असते, आणि आठ पाळ्यांचे एक चक्र ४.६१५ मिलिसेकंदांत पूर्ण होऊन पुन्हा पहिल्याचा नंबर लागतो. आवाज तुकड्यातुकड्यांनी जात असूनही आपल्याला सलग बोलल्यासारखे वाटते, कारण सेकंदाला दोनशेपेक्षा जास्त वेळा आपली पाळी येऊन जाते.

यात पाटाच्या टोकाचा शेतकरी कोण, ते पाहू. एक फोन टॉवरच्या पायथ्याशी आहे आणि दुसरा २० किलोमीटरवरच्या एखाद्या टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, आहे. टॉवरने "आता तुझी पाळी" असा इशारा दिला, की तो २० किलोमीटरवर पोहोचायला ६७ मायक्रोसेकंद लागतात, आणि फोनने लगेच उत्तर दिले तरी ते परत यायला आणखी ६७. म्हणजे टॉवरच्या घड्याळाप्रमाणे हा फोन १३४ मायक्रोसेकंद उशिरा बोलला. पाळीच ५७७ मायक्रोसेकंदांची असल्यामुळे त्याच्या बोलण्याचा जवळपास चौथा हिस्सा पुढच्याच्या पाळीत सांडेल आणि दोघांचेही बोलणे खराब होईल. यावर उपाय पाणकराचाच आहे. फोन पहिल्यांदा टॉवरला हाक मारतो तेव्हा ती हाक मुद्दाम आखूड ठेवलेली असते आणि तिच्यामागे सुमारे २५२ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे ती उशिरा आली तरी कुणावर आदळत नाही. टॉवर ती हाक किती उशिरा आली हे मोजतो आणि फोनला सांगतो, "तू इतक्या पायऱ्या आधी बोलत जा." एक पायरी ३.६९ मायक्रोसेकंदांची, अंतराच्या भाषेत सुमारे ५५० मीटरची. आपल्या टोलीवरच्या फोनला ३६ पायऱ्या आधी बोलायला सांगितले जाते. फोनधारक बैलबंडीत बसून गावाकडे येत असेल, तर टॉवर ही संख्या हळूहळू कमी करत जातो, आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

या पायऱ्या ० ते ६३ एवढ्याच ठेवलेल्या आहेत. त्रेसष्टाव्या पायरीवर अंतर होते सुमारे ३५ किलोमीटर. उंच टेकडीवर उभे राहून ४० किलोमीटरवरच्या टॉवरची लहर फोनला स्पष्ट मिळाली, काड्याही दिसल्या, तरी नेहमीच्या मांडणीत तिथून फोन लागत नाही. दोन पाळ्या जोडून एकाच फोनला द्यायची युक्ती वापरून हा पल्ला वाढवता येतो आणि समुद्रकिनाऱ्यावर ती वापरलीही जाते, पण मग एका लहरीवर बोलणाऱ्यांची संख्या घटते. रेंज संपणे आणि वेळ संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

पण पाळी पाळायची तर घड्याळ हवे. फोनमध्ये, वाय-फायच्या डब्यात, ई-पॉस मशीनमध्ये, सगळीकडे गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्‌झ स्फटिकाची एक लहानशी चकती असते. क्वार्ट्‌झवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे प्येर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो, आणि ही थरथर फार नियमित असते. बेल प्रयोगशाळेतल्या वॉरेन मॅरिसन यांनी १९२७ मध्ये त्यावर चालणारे घड्याळ तयार केले. आपल्या मनगटावरच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेले की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो. संख्या निवडणाऱ्याचे मला फार कौतुक वाटते.

नियमित असला तरी हा स्फटिक अचूक नसतो. वाय-फायच्या उपकरणांना दहा लाखांत वीसपर्यंत चूक करायची मुभा आहे. दिवसभरात ती पावणेदोन सेकंदांच्या आसपास जाते. जेवणाच्या वेळेसाठी हे चालते, पण दोन उपकरणे विरुद्ध बाजूंना चुकत असतील, तर एका सेकंदात ती ४० मायक्रोसेकंदांनी एकमेकांपासून सरकतात, आणि वाय-फायचे एक अक्षर अवघे ४ मायक्रोसेकंदांचे असते. भरीला तापमान आहे. स्फटिकाची थरथर उष्णतेने बदलते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या चंद्रपूरच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेला डबा आणि डिसेंबरच्या पहाटे गोंदियात ठेवलेला डबा एकाच चालीने चालत नाहीत. म्हणून टॉवरच्या यंत्रात स्फटिक छोट्या तापत्या पेटीत ठेवतात आणि त्या पेटीचे तापमान कायम राखतात, तर फोनमध्ये तापमान मोजून चुकीची भरपाई करणारे सर्किट असते.

तरीही चूक उरतेच, आणि उरलेली चूक दूर करण्याची जी रीत सापडली ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. ऐकणाऱ्याने आपले घड्याळ बोलणाऱ्याच्या आवाजावरूनच लावून घ्यायचे. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतले खंजिरी भजन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे लगेच पटेल. शब्द सुरू होण्याआधी खंजिरीच्या काही थापा पडतात, तेवढ्यात टाळकऱ्यांच्या हातात लय येते आणि मगच पहिली ओळ उचलली जाते. आज घरोघर असलेल्या वाय-फायचे तसेच आहे. संदेशाच्या आधी १६ मायक्रोसेकंदांचा एक आरंभ पाठवला जातो. त्यात सुरुवातीला एकच ठरावीक नमुना ०.८ मायक्रोसेकंदांच्या अंतराने दहा वेळा येतो. ऐकणारा डबा येणारी लहर आणि तीच लहर ०.८ मायक्रोसेकंद आधी कशी होती, या दोन्हींची सतत तुलना करत बसलेला असतो. नुसता गोंगाट असेल तर दोन्ही जुळत नाहीत. नमुना सुरू झाला की ती एकदम जुळू लागतात, आणि डब्याला कळते की कुणीतरी बोलायला लागले आहे. जुळणी किती सरकून होते आहे यावरून समोरच्याचा स्फटिक आपल्यापेक्षा किती जलद किंवा मंद आहे, हेही त्याच तुलनेतून निघते. आपल्याशी बोलणाऱ्याचे घड्याळ किती चुकते हे त्याच्या पहिल्या हुंकारातून ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण दोनेक हजार रुपयांचा डबा ते रोज करतो.

एकदा लय पकडल्यावर ती सुटू नये म्हणून वापरतात त्या रचनेला फेज-लॉक्ड लूप म्हणतात. फ्रान्सचे अभियंते आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कल्पना साधी आहे. आपला ठोका आणि येणारा ठोका शेजारी ठेवून पाहायचे, आपला मागे पडत असेल तर चाल किंचित वाढवायची, पुढे जात असेल तर किंचित कमी करायची, आणि हे अखंड करत राहायचे. यातला "किंचित" हा शब्द महत्त्वाचा आहे. दुरुस्ती जोराने केली तर गोंगाटाच्या प्रत्येक धक्क्याने घड्याळ भरकटते, आणि फारच हळू केली तर खरा बदल पकडता येत नाही. आज एकही फोन या रचनेशिवाय चालत नाही, आणि तिच्या आधारे फोन आपला स्फटिक टॉवरच्या लहरीशी दहा लाखांत एक-दशांशाच्या आत जुळवून ठेवतो.

दोन टोकांनी एकत्र सरकण्याची हीच कल्पना युद्धकाळात वेगळ्या वाटेने आली होती. चित्रपट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिशा दाखवणारी लहर शत्रूने बुजवू नये म्हणून ती सारखी बदलत ठेवायची, आणि पाठवणाऱ्याकडे व पाणतीरात सारख्याच छिद्रांच्या कागदी पट्ट्या एकाच वेळी, एकाच वेगाने फिरवायच्या, अशी ती योजना होती. पियानोच्या पट्ट्यांएवढ्याच, म्हणजे ८८, लहरींचा त्यात विचार होता. त्या युद्धात ही योजना वापरली गेली नाही, आणि लहर बदलत राहण्याची कल्पना त्याआधीही काहींनी मांडली होती, पण आज आपल्या कानातला ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा लहर बदलतो तेव्हा त्याच्याही दोन्ही टोकांना एकाच तालावर उडी मारावी लागते.

फोन टॉवरवरून वेळ घेतो. मग टॉवर कुणावरून घेतो? पुढच्या वेळी टॉवरजवळून जाताना नीट पाहा. खाली यंत्राच्या डब्याजवळ एखाद्या दांडीवर पावसाळ्यातल्या सात्यासारखा, म्हणजे अळंबीसारखा, पांढरा गोलसर टोप दिसेल. तो उपग्रहांची वेळ ऐकणारा जीपीएसचा अँटेना आहे. टॉवरला आपण कुठे आहोत हे जाणून घ्यायचे नसते, त्याला फक्त वेळ हवी असते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले. त्याच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात, म्हणजे काही मिलिसेकंद सगळे टॉवर बोलतात आणि नंतर सगळे टॉवर ऐकतात. एक टॉवर जरी इतरांपेक्षा मागे पडला, तरी शेजारचा टॉवर दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकायला कान लावून बसलेला असताना हा त्याच्या कानात ओरडू लागतो. म्हणून शेजारी टॉवरांच्या घड्याळांत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, पण तीही पृथ्वीवरच्या घड्याळांच्या चालीने चालत नाहीत. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ती दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मागे पडतात. निव्वळ फरक उरतो ३८ मायक्रोसेकंदांचा. दुरुस्ती केली नसती तर दोन तासांच्या आतच उपग्रहाचे घड्याळ ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त पुढे गेले असते. म्हणून ती चाल उपग्रह सोडण्याआधीच तेवढी कमी करून ठेवतात. खेड्यातल्या माणसाचा फोन लागण्यासाठी सापेक्षतेचा सिद्धांत रोज वापरला जातो, हे शाळेतल्या मुलांना आवर्जून सांगायला हवे.

भारनियमनाचा अनुभव असलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. वीज येते, टॉवरचे दिवे लागतात, पण नेट लगेच येत नाही. टॉवरची बॅटरी पूर्ण उतरून तो बंद पडला असेल, तर परत सुरू झाल्यावर स्फटिकाची पेटी तापावी लागते, उपग्रह सापडावे लागतात आणि वेळ जुळावी लागते. वेळ जुळल्याशिवाय बोललेला टॉवर शेजाऱ्यांना त्रास देईल, म्हणून तो आधी गप्प राहतो. वीज आहे पण टोप तुटला किंवा त्याची तार उंदराने कुरतडली, तर मात्र तापत्या पेटीतला स्फटिक काही तास आपल्या बळावर वेळ धरून ठेवू शकतो.

इथपर्यंत पाणकर होता. पण जिथे पाणकरच नाही, तिथे काय? हा प्रश्न हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्यासमोर होता. निरनिराळ्या बेटांवरची ठिकाणे एका संगणकाला रेडिओने जोडायची होती. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अलोहा जाळ्याचा नियम असा होता की ज्याला बोलायचे त्याने बोलावे, पोच आली नाही तर आपले बोलणे कुणाच्या तरी बोलण्यावर आदळले असे समजून, मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. गणिताने दिसले की अशा पद्धतीत हवेतला जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. सगळ्यांनी ठोक्यावरच बोलायला सुरुवात करायची एवढा एकच नियम घातला, तर तो ३७ टक्क्यांच्या जवळ जातो. घड्याळ जुळवल्याने काम दुप्पट झाले, लहर तीच राहिली.

आपले वाय-फाय याच वंशातले आहे, फक्त ते बोलण्याआधी कान देते. हवा शांत आहे असे दिसले की ते लगेच बोलत नाही, मनात एक आकडा धरते आणि ९ मायक्रोसेकंदांचे तेवढे ठोके मोजून मग बोलते, म्हणजे दोघे एकाच वेळी सुटत नाहीत. खोलीत किंवा अंगणात हे उत्तम चालते. पण आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणाहून ७-८ किलोमीटरवरच्या गावाला डिश लावून नेट नेतात, तिथे याच ९ मायक्रोसेकंदांची अडचण होते.

अशा एका जोडणीवर मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. पंचायतीच्या गच्चीवर डिश होती, आठ किलोमीटरवर दुसरी होती, सिग्नल उत्तम दाखवत होता आणि वेग मात्र दोनशे रुपयांच्या रिचार्जलाही लाजवील इतका कमी होता. आम्ही उन्हात डिश इंचाइंचाने फिरवत राहिलो. जोडणी करून गेलेल्या माणसांनी डब्यातले अंतर बदललेच नव्हते, ते एक किलोमीटरपेक्षा कमी असल्याचे नोंदलेले होते. आठ किलोमीटरला लहर जाऊन परत यायला ५३ मायक्रोसेकंद लागतात. आमचा डबा संदेश पाठवून पोचेची वाट पाहायचा आणि ती यायच्या आधीच ती हरवली असे ठरवून तोच संदेश पुन्हा पाठवायचा. संदेश पोहोचलेला असायचा, पोच वाटेत असायची आणि तिच्यावर आमचाच दुसरा संदेश जाऊन आदळायचा. डिस्टन्सचा आकडा बदलला आणि पाच मिनिटांत नेट सुरू झाले.

आकडा बदलल्याने दुखणे कमी होते, मिटत नाही, कारण इतक्या अंतरावर "हवा शांत आहे" ही बातमीच शिळी असते. समोरचा बोलू लागल्यावर २७ मायक्रोसेकंद, म्हणजे तीन पूर्ण ठोके, आपल्याला काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी खेड्यांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या वाय-फायचा अभ्यास करून २००५ मध्ये दाखवले की अशा ठिकाणी कान देऊन बोलण्याची पद्धत सोडून साध्या वाय-फायच्या डब्यांनाच पाळीने बोलायला लावले, तर वेग कितीतरी वाढतो. भारतीय खेड्यांच्या गरजेतून निघालेले हे काम आहे आणि ते आपल्याकडे जितके माहीत असायला हवे तितके नाही.

आता प्रतिध्वनीकडे येऊ. लहर सरळ एकाच वाटेने येत नाही. ती टिनाच्या छपरावर, पाण्याच्या टाकीवर, टेकडीच्या उतारावर आदळून वेगवेगळ्या वाटांनी येते आणि प्रत्येक वाट वेगळ्या लांबीची असते. मंडईच्या दिवशी गावात १७० मीटरच्या अंतराने दोन भोंगे लावलेले असतील आणि तुम्ही एकाजवळ उभे असाल, तर दुसऱ्याचा आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो आणि निवेदकाचे शब्द एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. निवेदकाने प्रत्येक अक्षर दोन-दोन सेकंद लांबवले आणि तुम्ही प्रत्येक अक्षराचा पहिला अर्धा सेकंद ऐकलाच नाही, तर उरलेला दीड सेकंद अगदी स्वच्छ असतो, कारण तेवढ्यात दोन्ही भोंगे एकच अक्षर बोलत असतात. हा अर्धा सेकंद म्हणजे पाटातली फट. वाय-फायमध्ये ती ०.८ मायक्रोसेकंदांची असते, फोर-जीमध्ये सुमारे ४.७, म्हणजे वाटांच्या लांबीत जवळपास १.४ किलोमीटरचा फरक असला तरी फोर-जीचे बोलणे बिघडत नाही.

पण इतके सावकाश बोलले तर वेग कसा राहणार? एकच बंडी भरधाव हाकण्याऐवजी शेजारी-शेजारी अनेक बंड्या सावकाश हाकायच्या, हे त्याचे उत्तर आहे. बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट चांग यांनी १९६६ मध्ये हे दाखवले की अनेक लहरी एकमेकींना इतक्या चिकटून पाठवता येतात की त्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, तरी ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या करता येतात, मात्र त्याने नेमक्या वेळेइतकेच ऐकले पाहिजे. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी हे काम गणिताच्या एकाच क्रियेने करण्याची वाट काढली, आणि १९८० मध्ये पेलेड व रुइझ यांनी फट नुसती रिकामी न ठेवता अक्षराचेच शेपूट तिच्यात भरण्याची युक्ती दिली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतले जॉन ओ'सलिव्हन सत्तरच्या दशकात अवकाशातून येणारे, मायक्रोसेकंदांचे रेडिओस्फोट शोधत होते. ते त्यांना सापडले नाहीत, पण पसरलेल्या लहरी सावरण्याचा तो अनुभव पुढे खोलीतल्या प्रतिध्वनींवर उपयोगी पडला आणि त्यांच्या गटाला १९९६ मध्ये वेगवान बिनतारी जाळ्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. १९९९ मध्ये वाय-फायने ५२ बारीक लहरींची जी रचना स्वीकारली, तिने सेकंदाला ५४ मेगाबिटपर्यंत वेग दिला. दोनच वर्षांपूर्वीच्या पहिल्या वाय-फायचा वेग २ होता.

आता रेशन दुकानातल्या प्रश्नाचे पुरते उत्तर देता येईल. काड्या दाखवतात ती टॉवरची ताकद, आणि टॉवर कित्येक वॉटच्या जोराने बोलतो. ई-पॉस मशीन मात्र साधारण एक-पंचमांश वॉटनेच उत्तर देते. मशीनला टॉवर ऐकू येतो, टॉवरला मशीन ऐकू येत नाही, असे सहज होऊ शकते. खिडकीच्या गजाला मशीन टेकवल्याने फायदा होतो तो मुख्यतः या परतीच्या वाटेला. दुसरे असे की फोर-जीमध्ये टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की पुढची पाळी कुणाची. संध्याकाळी सात वाजता गावातली सगळी पोरे पारावर बसून व्हिडिओ पाहत असतील, तर त्याच लहरीतून अंगठ्याचा लहानसा संदेश जायचा असतो आणि त्याला प्रत्येक फेरीत पाळीसाठी थांबावे लागते. अंगठ्याच्या एका तपासणीत असे कित्येक संदेश जातात-येतात आणि उशीर साचत जातो. वाटप सकाळी लवकर सुरू करणारे दुकानदार अनुभवाने योग्य तेच करतात.

घाई नसलेल्या निरोपांसाठी मात्र उलटी वाट निघाली आहे. फ्रान्समधल्या सिक्लेओ या छोट्या कंपनीने लोरा नावाची पद्धत तयार केली आणि २०१२ मध्ये सेमटेक कंपनीने ती विकत घेतली. तिचे अक्षर म्हणजे खालून वर चढत जाणारी एक शीळ, आणि शीळ पट्टीतल्या कुठल्या जागेपासून सुरू झाली यात तिचा अर्थ असतो. सर्वांत संथ चालीत सुरुवातीच्या ४०९६ जागा असतात आणि एका शिळेला जवळजवळ ३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वाय-फायच्या अक्षराच्या आठ हजारपट वेळ. स्फटिक थोडा चुकीचा असला तर शीळ थोडी वर किंवा खाली सरकते, आरंभीच्या ओळखीच्या शिळांवरून ते सरकणे मोजता येते आणि पुढच्या सगळ्या शिळांतून वजा करता येते. म्हणून इथे स्वस्त स्फटिक चालतो, उपग्रहाचा टोप लागत नाही, आणि गोंगाटाच्याही खाली दबलेली शीळ कित्येक किलोमीटरवर ओळखू येते. भारतात ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा अशा कामासाठी परवान्याशिवाय खुला आहे. मामा तलावाच्या तुडुमाजवळ पाण्याची पातळी मोजणारी डबी बसवली, तर ती सेलवर वर्षानुवर्षे चालू शकते. बहुतेक वेळ ती झोपलेली असते, ठरल्या वेळी जागी होते, पातळीचा आकडा शीळ घालून पाठवते आणि पुन्हा झोपते. तो निरोप हवेत असतो एक ते दीड सेकंद.